तुम्ही विचारलंत म्हणून: दुपारी ऑफिसात झोपता, मग काम कधी करता?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या तऱ्हेनं विचारलाय की आता एकदा लिहूनच टाकतो. क्लायंट विचारतात, सासरवाडीचे विचारतात, शेजारचा झेरॉक्सवाला तर जिन्यात भेटला की रोज, "काय साहेब, झोपलालाव का?" आणि वर हसणार. तर मी जीएसटी आणि अकाउंटचं काम करतो, सोलापुरात नवी पेठेत पहिल्या मजल्यावर छोटं ऑफिस आहे, मला धरून पाच माणसं, क्लायंट बहुतेक चादर-टॉवेलवाले, थोडे किराणा आणि हार्डवेअरवाले. आणि हो, आमच्याकडं दुपारी सगळे झोपतात. पाळीपाळीनं, वीस मिनिटं, खुर्चीतच. शटर खाली घेत नाही, पुण्यासारखी एक ते चारची पाटी नाही, एक जण जागा असतोच, तो फोन घेतो आणि आलेल्या माणसाला पाणी देतो.

मग काम कधी करता? तर काम व्हावं म्हणूनच झोपतो. असं म्हटलं की लोकांना वाटतं हा चेष्टा करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आमचं काम म्हणजे दिवसभर आकडे. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), २० तारखेला ३बी (टॅक्स भरायचं विवरणपत्र), त्याच्या आधीचे चार-पाच दिवस टेबलावर बिलांचे गठ्ठे. टॉवेलचं बिल, एचएसएन म्हणजे मालाचा कोड ६३०२, रक्कम, टॅक्स, पुढचं बिल, परत ६३०२. सकाळी हे काम सपासप होतं. पण दुपारी अडीचच्या पुढं एंट्री करणाऱ्या माणसाकडं नीट बघा. डोळे उघडे असतात, हात कीबोर्डवर असतो, आणि माणूस तिथं नसतो. एकच बिल दोनदा वाचतो, स्क्रीनकडं बघतो, परत बिलाकडं बघतो, मग एंटर मारतो. ४५,८१० चे ४८,५१० झालेले असतात. अकाउंटवाल्यांना हे माहीत असतं की ताळा जुळला नाही आणि फरकाला नवानं पूर्ण भाग गेला तर बहुतेक दोन आकड्यांची अदलाबदल झालीय. इथं फरक २,७००, भागिले नऊ तीनशे, म्हणजे शोधा आता कुठं उलटलंय ते. हा एक आकडा शोधायला संध्याकाळी पाऊण तास जातो, आणि सापडला की तो हमखास जेवणानंतरच्या गठ्ठ्यातला निघतो. टॅली या अकाउंटच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (एंट्रींची नोंद) चालू असला की कुठली एंट्री कधी पडली ते दिसतं, त्यामुळं यात माझं काही मनाचं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की दुपारी माणूस झोपतोच. तुम्ही परवानगी द्या नाहीतर नका देऊ. प्रश्न फक्त असा आहे की उघड झोपायचं का चोरून झोपायचं. उघड झोपला तर वीस मिनिटांत मोकळा होतो. चोरून झोपला तर दीड तास थोडा थोडा झोपत राहतो, बिलावर, माउसवर, बाथरूममध्ये, मोबाईलवर रील बघत, आणि तो दीड तास तुमच्या पगारात धरलेला असतो.

ही चोरटी झोप काय असते त्याला डॉक्टर मायक्रोस्लीप म्हणतात, काही सेकंदांची डुलकी, कधी कधी डोळे उघडे ठेवूनसुद्धा, आणि ज्याला लागते त्याला बहुतेक वेळा कळतही नाही की आपण आत्ता गेलो होतो. अमेरिकेच्या नासानं यावर लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांवर अभ्यास केला होता, त्याचा रिपोर्ट १९९४ चा आहे. काही वैमानिकांना उड्डाण चालू असताना, म्हणजे दुसरा वैमानिक जागा असताना, पाळीपाळीनं ४० मिनिटं विश्रांतीला दिली, त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले. बाकीच्यांना झोप नाही, नेहमीसारखं काम. ज्यांना झोप मिळाली नाही त्यांना शेवटच्या दीड तासात, अगदी विमान खाली आणताना पण अशा बारीक डुलक्या लागल्याचं मेंदूच्या नोंदीत दिसलं, आणि जे झोपून उठले होते त्यांना उतरताना एकही लागली नाही. सतर्कता ५४ टक्क्यांनी आणि कामगिरी ३४ टक्क्यांनी वाढली हे आकडे तुम्हाला व्हॉट्सअपवर कुणीतरी पाठवले असतीलच. फक्त फॉरवर्डमध्ये हे नसतं की ते वैमानिक सगळे मिळून २१ च होते. म्हणून मी टक्क्यांना फार कवटाळून बसत नाही, आकड्यांच्या धंद्यात असल्यामुळं छोट्या सॅम्पलवरची मोठी टक्केवारी बघितली की जरा खाजवतंच. पण विमान उतरवताना कॅप्टनला डुलकी, हे वाचल्यावर टक्क्यांची गरज पण उरत नाही.

आता पहिला आक्षेप. "जेवण जास्त होतंय तुमचं." बरोबर आहे, सोलापुरात आहोत, डब्यात कडक भाकरी, शेंगा चटणी, वर दही, परत भात, झोप येणारच. पण नुसतं जेवणावर ढकलता येत नाही. शरीराचं आतलं घड्याळ असतं, ते रात्री जसं झोपेकडं ढकलतं तसं दुपारी साधारण एक ते तीनच्या मध्ये पण थोडं सैल पडतं, जेवला नाहीत तरी. भरपेट खाल्लं की ते वाढतं एवढंच. (एकादशीला अनुभव घ्या म्हणणार होतो, पण एकादशीला आपण दुप्पट खातो.) आणि दुसरं म्हणजे सकाळी उठल्यापासून मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो, जितका वेळ जागे तितका जास्त, आणि तो साठला की झोपेचा दाब वाढतो. झोपलं की तो कमी होतो, थोडं झोपलं तर थोडा. दुपारी ही दोन्ही कारणं एकावर एक येतात आणि बाहेर सोलापूरचं ऊन असतं, मे महिन्यात ४२-४३, पंखा गरम वारा फेकतोय, लाइट गेली तर तेही नाही. अशा वेळी "जरा तोंड धुऊन ये" म्हणून भागत नाही हो. तोंड धुतल्यानं पाच मिनिटं जातात.

आता खरी गोष्ट, किती झोपायचं. इथं सगळे घोळ घालतात. आपल्याकडं दुपारची झोप म्हणजे रविवारची झोप, मटण हाणायचं, पडदे ओढायचे, सोलापुरी चादर पायापासून डोक्यापर्यंत, आणि साडेपाचला उठायचं, उठल्यावर दहा मिनिटं कळत नाही सकाळ आहे का संध्याकाळ, तोंड कडू, डोकं जड, आणि बायको चहा देताना जे बोलते ते आयुष्यभर लक्षात राहतं. हा अनुभव घेतलेली माणसंच मला सांगतात की दुपारी झोपल्यावर आणखी आळस येतो. येणारच. झोप लागली की पहिली पाच-दहा मिनिटं अगदी वरची वर असते, मग जरा स्थिर होते, आणि साधारण अर्ध्या तासाच्या आसपास माणूस गाढ झोपेत उतरायला लागतो. गाढ झोपेतून कुणी ओढून उठवलं की मेंदू पटकन जागा होत नाही, तो जडपणा अर्धा तास, कधी त्याच्यापेक्षाही जास्त टिकतो. म्हणजे तासभर झोपलात आणि वर अर्धा तास बधिर बसलात, असे दीड तास गेले. म्हणून गाढ झोप लागायच्या आत उठायचं. ऑस्ट्रेलियात २००६ साली पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या झोपा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, त्यात दहा मिनिटांवाली सगळ्यात सरस निघाली, उठल्याबरोबर फायदा आणि पुढं दोन-अडीच तास टिकला. तीस मिनिटांवाल्यांना फायदा झाला पण आधी जडपणा भोगून. दहा मिनिटं! एका चहाच्या फेरीत आपले यापेक्षा जास्त जातात.

आमच्याकडं कसं चालतं ते सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. दीडला डबा. पावणेदोनला दोघं झोपायला, बाकीचे जागे, मग त्यांची पाळी, अडीचच्या आत सगळे आटपलेले. अलार्म वीस मिनिटांचा, त्यातली पाच-सात झोप लागण्यात जातात, म्हणजे खरी झोप तेरा ते पंधरा. फोन अलार्म लावून उलटा ठेवायचा, डेटा बंद. झोपायला गादी-बिदी काही आणलेली नाही आणि आणणार पण नाही, गादीवर पडला की माणूस उठत नाही. खुर्ची भिंतीला टेकवायची, पाय समोरच्या स्टुलावर, डोळ्यावर टॉवेलचा नॅपकिन. नॅपकिनला तोटा नाही, क्लायंट दिवाळीला दुसरं काही देतच नाहीत. अंधार महत्त्वाचा आहे, शांतता तेवढी नाही, खालच्या रस्त्यावरच्या रिक्षाच्या हॉर्नची सवय होते पण उजेडाची होत नाही. मान पुढं पडू द्यायची नाही, मागं टेकलेली पाहिजे, नाहीतर झोपेचा फायदा मानेच्या दुखण्यात वळता होतो.

आमच्या एक मॅडम आहेत, त्यांचं पहिल्यापासून एकच, "सर, मला झोप लागतच नाही." म्हटलं नका झोपू, डोळे मिटून बसा. महिनाभर त्या डोळे मिटून बसल्या आणि रोज सांगायच्या लागली नाही म्हणून. एकदा त्यांच्या समोरच मोठा बॉक्स फाइल पडला, धाडकन, बाकीचे सगळे दचकले, या ढिम्म. उठल्यावर म्हणाल्या, "आज पण नाही लागली." वरवरच्या झोपेतून उठलेल्या माणसाला आपण जागेच होतो असं वाटणं अगदी कॉमन आहे, त्यामुळं लागली का नाही याचा हिशोब ठेवू नका. वीस मिनिटं डोळ्यासमोर आकडा नाही, हेही कमी नाही.

कॉफीचं एक आहे, ऐकायला उलटं वाटतं. झोपायच्या आधी कॉफी प्यायची आणि लगेच झोपायचं. कॅफिन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवतं, पण पोटातून मेंदूपर्यंत पोचायला त्याला वीस-तीस मिनिटं लागतात, तोपर्यंत तुम्ही झोपून थोडं अ‍ॅडिनोसिन कमी केलेलं असतं, आणि उठताना कॉफी लागू पडते. इंग्लंडमधल्या लफबरो युनिव्हर्सिटीत १९९७ मध्ये अर्धवट झोप झालेल्या ड्रायव्हरांना सिम्युलेटरवर बसवून हे बघितलंय, नुसत्या कॉफीपेक्षा कॉफी अधिक पंधरा मिनिटांची डुलकी जास्त चालली. ऑफिसात मी हे करत नाही, आपल्या कटिंग चहात कॅफिन तेवढं नसतं आणि दुपारी तीननंतरच्या कॉफीचा अंमल रात्रीपर्यंत राहतो. पण पुण्याला गाडी घेऊन जाताना करतो. भिगवणच्या आसपास डोळे जड झाले की कडेला हॉटेल बघून गाडी लावायची, कॉफी, सीट मागं, पंधरा मिनिटं. गाडीतले बाकीचे कुरकुरतात. कुरकुरू देत. हायवेला काच खाली करून, गाणी मोठी लावून झोप जात नाही, ती फक्त गाण्याच्या आवाजात येते.

दुसरा आक्षेप आईचा. दिवसा झोपू नये, आयुर्वेदात सांगितलंय. आईशी वाद घालायचा नाही म्हणून एका ओळखीच्या वैद्यांनाच विचारलं, तर त्यांनी चरकसंहिताच काढली, सूत्रस्थान, अध्याय २१. दिवसा झोपणं एरवी वर्ज्यच, कफ वाढतो, पण उन्हाळ्यात चालतं, कारण रात्री लहान असतात आणि शरीर कोरडं पडतं. म्हातारे, लहान मुलं, थकलेले, प्रवासानं दमलेले, जागरण झालेले यांना तर बाराही महिने सवलत. आणि पुढं बसल्या बसल्या पेंगण्याचा वेगळा उल्लेख आहे, रात्रीच्या जागरणानं रुक्षता वाढते, दिवसा आडवं झोपल्यानं स्निग्धता वाढते, आणि बसून घेतलेल्या डुलकीनं दोन्ही होत नाही. मी वैद्यांना म्हटलं म्हणजे खुर्चीतली झोप पास. ते म्हणाले पास, पण जेवल्या जेवल्या नको. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "तुला पाहिजे तेवढंच सापडतं पुस्तकात." पण तेव्हापासून बोलत नाही.

जागरणाचा विषय निघालाच तर आपल्या गावचं बोलू. मोठ्या माणसाला रात्री सात तास तरी झोप पाहिजे असं सगळे तज्ज्ञ सांगतात, आणि दुपारची डुलकी ही त्याची भरपाई नाही, हे मी मान्य करतो. पण सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही आणि येतं तेव्हा किती वाजता येईल ते पाण्यालाच माहीत, रात्री अडीचला आलं की गल्ली उठते, मोटारी सुरू, हंडे, पिंप, टाकी, वरची टाकी, सगळं भरून पाठ टेकेपर्यंत चार वाजतात आणि सहाला मुलांची शाळा. आमच्या ऑफिसात पाण्याचा दिवस कुणाचा होता ते दुपारी चेहऱ्यावरूनच कळतं. त्या माणसाची पाळी त्या दिवशी पहिली. याला मी लाड समजत नाही, अडीचला उठून पिंप भरलेल्या माणसाकडून दुपारी ६३०२ ची तीनशे बिलं बिनचूक पाहिजे असतील तर द्यायलाच लागतं.

मात्र ज्यांना रात्री झोपच लागत नाही त्यांनी हे करू नये. रात्री बारा-एकपर्यंत तळमळणारा माणूस दुपारी झोपला की झोपेचा जो दाब रात्रीसाठी साठवायचा तोच खर्च करून टाकतो. चारनंतर तर कुणीच नको. आणि रात्री आठ तास झोपूनही दिवसा डोळे उघडे राहात नसतील, घोरणं जोरात असेल, तर डुलकी नाही, डॉक्टर बघा. ते माझ्या प्रांतातलं नाही. हृदयाचं पण लोक विचारतात, कारण ग्रीसमधला २००७ चा अभ्यास फिरत असतो, तेवीस हजारांवर माणसं, दुपारी नियमित झोपणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी. असेल. पण ज्याला दुपारी झोपायला मिळतं त्याचं आयुष्यच मुळात जरा निवांत असणार की, त्याचा वाटा किती आणि झोपेचा किती? उलट तासाच्या वर झोपणाऱ्यांमध्ये हृदयाचे आजार जास्त दिसतात असंही नंतरच्या अभ्यासांत आलंय, तिथंही झोपेमुळं आजार का आजारामुळं झोप हे सुटं करता येत नाही. मी आयुष्य वाढवायला झोपत नाही, ३बी चुकू नये म्हणून झोपतो.

"आमचे साहेब ऐकणार नाहीत" हे नोकरीवाल्यांचं. बेंगळुरूच्या वेकफिट कंपनीनं २०२२ च्या मे महिन्यात दुपारी दोन ते अडीच झोपायची अधिकृत सुट्टी जाहीर केली होती, ते कात्रण साहेबांना दाखवू नका, ती कंपनी गाद्याच विकते. त्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं वापरा, ती तुमचीच आहेत, डबा खाऊन झाल्यावर पारावरच्या राजकारणात जातात ती.

पण साहेबांचं सोडा, जो प्रश्न मला खरंच अडचणीत टाकतो तो एका क्लायंटच्या कारखान्यात विचारला गेला. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत त्यांचे माग आहेत, शेटनी कौतुकानं सगळ्यांसमोर सांगितलं की हे साहेब ऑफिसात माणसांना झोपू देतात, तर एक कामगार म्हणाला, "आम्हाला पण सांगा की साहेब, माग बंद न करता कसं झोपायचं." काय सांगणार? एकाकडं दोन-दोन माग, धोट्यातली (आडवा धागा नेणाऱ्या नळीतली) धाग्याची कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की जोडायचा, आवाज एवढा की कानाशी येऊन ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि पैसे मालावर, माग थांबला की मजुरी थांबली. बारा तासांची पाळी. वीस मिनिटांची शहाणपणाची झोप त्याला सांगणं म्हणजे माझ्या खुर्चीत बसून बोलणं झालं. रात्रपाळीवाल्याला एवढं सांगता येतं की कामावर यायच्या आधी संध्याकाळी अर्धा-पाऊण तास झोपून ये, घरी उठल्यावर जडपणा जायला वेळ असतो त्यामुळं तिथं मोठी झोप चालते आणि पहाटेच्या वेळेला ती उपयोगाला येते. दिवसपाळीचं काय?

एक गोष्ट मी त्यांच्यातच बघितली होती. चहाला, तंबाखूला, बाथरूमला जाताना शेजारचा कामगार बिनबोलता त्याचे पण माग बघतो, नुसता हात वर केला की झालं. म्हणजे पाच मिनिटांची सोय आहेच, तीच पंधरा मिनिटांची केली, जेवणानंतर जोडीजोडीनं, तर माग पण चालू राहतात. शेटना मी हे सुचवलं. शेट म्हणाले, एकावर चार माग पडले आणि माल खराब निघाला तर? मी म्हटलं आत्ता तीनच्या पुढं जो खराब निघतो तो वेगळा काढून ठेवा महिनाभर, मग बोलू. ढीग काढून ठेवायला त्यांनी सुरुवात केलीय. झोपेचं मात्र अजून "बघू" म्हणतायत.